ऑक्टेव्ह : सोर्स कोडपासून उभारणी

ऑक्टेव्ह ही संख्यात्मक गणनेसाठीची मुक्त संगणकप्रणाली. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये तिच्या विकासास आरंभ केला. रसायन अभियांत्रिकीचे त्यांचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचे नाव तिला मिळाले. तयार संच उपलब्ध असले, तरी अद्ययावत आवृत्ती किंवा आपल्या पसंतीच्या लायब्ररी हव्या असल्यास ती सोर्स कोडपासून उभारता येते.

त्यासाठी सी प्लस प्लस व फोरट्रान भाषांचे कंपायलर आणि ब्लास व लापॅक या रेषीय बीजगणिताच्या लायब्ररी आधी असाव्या लागतात. ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा संगणकावरील सामग्री तपासते. ऐच्छिक लायब्ररी न सापडल्यास ती संबंधित सुविधा वगळून पुढे जाते. म्हणून तिच्या अखेरच्या सूचना अवश्य वाचाव्यात. ‘मेक’ या आज्ञेने प्रत्यक्ष उभारणी होते.

यानंतरची ‘मेक चेक’ ही पायरी वगळण्याचा मोह टाळावा. विसंगत लायब्ररी जोडली गेल्यास प्रणाली बंद न पडताही चुकीचे उत्तर देऊ शकते. उभारणी निर्विघ्न झाली, म्हणजे गणित बरोबर येईलच असे नाही. या चाचण्यांत उत्तरे आधीच ज्ञात असलेली गणिते सोडवून पडताळली जातात. अपयशी चाचण्यांचे कारण समजल्यावरच ‘मेक इन्स्टॉल’ करावे.