खानदेशातली सोनोग्राफी : एका हुकलेल्या निदानाचा इतिहास

जळगाव किंवा धुळ्यातल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात शिरताना पाटी दिसते : इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो गुन्हा आहे. ही पाटी कायद्याने सक्तीची आहे. आपण काय करत नाही हे एक्स-रेच्या खोलीला असे दारावर लिहून ठेवावे लागत नाही. सोनोग्राफीचा आपल्याकडचा इतिहास सहसा दोन ठिकाणी वाटून लिहिला जातो. मुलींच्या घटत्या संख्येचा भाग समाजशास्त्राकडे जातो, तर गर्भातली दुर्मिळ व्यंगे ओळखण्याचा भाग वैद्यकाकडे. खानदेशापुरते तरी हे दोन इतिहास वेगळे नाहीत. पहिल्यात जे घडले त्याची किंमत दुसऱ्यातले रुग्ण आजही चुकवत आहेत.

हे यंत्र काय पाहू शकते, ते आधी नीट सांगायला हवे. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये पोटातल्या गाठींची आणि गर्भाची ध्वनिचित्रे १९५८ मध्ये छापली, तेव्हा त्या चित्रांत अनोळखी माणसाला ठिपक्यांपलीकडे काही दिसले नसते. पुढच्या तीस वर्षांत त्या ठिपक्यांतून मूत्रपिंडे नसलेला गर्भ, कवटीच न बनलेला गर्भ, हृदयाच्या कप्प्यांतला दोष असे सगळे ओळखता येऊ लागले. मणका उघडा राहिलेल्या गर्भाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पाठीवरची ती फट बोटभरही नसते आणि बाळ पाठ टेकवून असेल तर दिसतच नाही. म्हणून जाणकार आधी डोक्याकडे पाहतो. मणक्यातल्या दोषामुळे मेंदू खाली ओढला जातो, मागचा लहान मेंदू चपटा होऊन पुढच्या बाजूला वाकतो आणि त्याच्यामागची पाण्याची काळी पोकळी नाहीशी होते. १९८६ मध्ये लंडनच्या निकोलायडिस आणि सहकाऱ्यांनी ही खूण नोंदवली आणि त्या वाकलेल्या आकाराला केळ्याचे नाव दिले. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखातल्या रेडिओलॉजिस्टलाही अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या तपासणीत हेच केळे शोधावे लागते. ते सापडायला हात सरावलेला हवा, वेळ हवा आणि बाई वेळेवर पोहोचायला हवी.

पण खानदेशात या यंत्राला विचारला गेलेला प्रश्न अनेकदा दुसराच होता. ऐंशीच्या दशकात आधी गर्भजल परीक्षेचा आणि मग सोनोग्राफीचा वापर मुलगी ओळखण्यासाठी सर्रास होऊ लागला. मुंबईत स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून लागू झाला. कागदावर आपण पुढे होतो. जनगणना मात्र निराळेच सांगते. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे जळगाव जिल्ह्यात २००१ मध्ये ८८० मुली होत्या, २०११ मध्ये ८४२ उरल्या. धुळ्यात ९०७ वरून ८९८. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता. तिथे ९६१ वरून ९४४. म्हणजे १९०६ मध्ये दोन जिल्ह्यांत विभागल्या गेलेल्या एकाच जुन्या खानदेशात पूर्वेकडच्या बागायती, रोख पैशाच्या, रेल्वेने जोडलेल्या टोकाला मुली सर्वांत कमी आहेत आणि सातपुड्यातल्या गरीब आदिवासी टोकाला सर्वांत जास्त.

यावर आक्षेप येतो की दोष यंत्राचा नाही, समाजाचा आहे. भिल्ल-पावरा समाजात वधूसाठी देज (वधूमूल्य) दिले जाते, तर जळगावकडे हुंडा. फरक तिथूनच पडतो. हे खरे आहे आणि नाकारण्याचे कारण नाही. पण हुंडा काही २००१ नंतर जन्मला नाही. दहा वर्षांत ३८ अंकांची घसरण केवळ जुन्या इच्छेने होत नाही; त्या इच्छेला साधन सापडावे लागते. ज्या टोकाला पैसा होता तिथे साधन आधी पोहोचले, आणि जिथे व्यंगाच्या निदानासाठी त्याची गरज होती तिथे ते उशिरा आणि तुटपुंजे आले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांकडे पाहा. धुळ्याला ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मिळाले, जळगावला २०१८ मध्ये, नंदुरबारला २०२० मध्ये.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवायच्या एफ फॉर्ममधल्या एखाद्या रकान्याच्या चुकीवरून मशीन सील होते, खटला चालतो. मग गुंतागुंतीच्या गर्भाला हात कोण लावणार? २०१६ मध्ये देशभरच्या रेडिओलॉजिस्टांनी याच कारणाने काम बंद ठेवले होते. मला त्यांची चीड समजते, मागणी मात्र पटत नाही. बंद खोलीत डॉक्टर काय बोलला याचा साक्षीदार नसतो, म्हणून तो फॉर्म हाच एकमेव पुरावा उरतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये नोंदी न ठेवणे ही केवळ कारकुनी चूक मानायला नकार दिला. शिवाय केंद्राचा कायदा उघडून पाहिला तर त्याच्या चौथ्या कलमात परवानगीची यादीच दिसते : गुणसूत्रांतले दोष, चयापचयाचे आनुवंशिक आजार, हिमोग्लोबिनचे विकार, लिंगाशी निगडित आजार, जन्मजात व्यंगे. दुर्मिळ आजारांची ही यादी कायद्यातच आहे. आपल्याकडे ती कोणी वाचत नाही, कारण सगळ्यांना भीती वाटते ती पुढच्या कलमांची.

त्या यादीतले हिमोग्लोबिनचे विकार म्हणजे सातपुड्यातला सिकलसेल. जगाच्या पाठीवर बऱ्याच ठिकाणी विरळ असलेला हा आजार नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांत घरोघरी ऐकू येतो. तो रक्तातून ओळखला जातो, चित्रातून नव्हे. प्रतिमेला इथे फाजील श्रेय देऊ नये. पण आई-वडील दोघेही वाहक असतील, तर गर्भाची तपासणी करायची सुई अकराव्या-बाराव्या आठवड्यात सोनोग्राफीच्या नजरेखालीच आत जाते. मोठ्या वयात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला तर साधा एक्स-रे सुरुवातीला निर्दोष दिसतो आणि एमआरआय तो दोष आधी दाखवतो. ही कामे तज्ज्ञाचीच आहेत. आणि केंद्राच्या कायद्याच्या नियमांतल्या २०१२ च्या दुरुस्तीने एका डॉक्टरला एका जिल्ह्यात फार तर दोन केंद्रांवर काम करण्याची मुभा ठेवली. गावोगाव मशीन घेऊन फिरणाऱ्यांना रोखायला हा नियम योग्यच होता. पण १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा जिल्हा झाल्याने धुळ्याच्या केंद्रावर नाव असलेल्या तज्ज्ञाला तिथले शहादा, तळोदा परके ठरले. जळगाव-धुळ्याच्या पैसेवाल्या घरांनी केलेल्या गुन्ह्याचा बंदोबस्त असा सातपुड्याच्या वाट्याला आला.

वेळेचा हिशेबही सातपुड्यातल्या बाईच्या विरोधात गेला. १९७१ च्या कायद्याने गर्भपाताची मर्यादा २० आठवडे ठेवली आणि व्यंगाची तपासणी अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होते. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हृदयाचा गंभीर दोष असलेल्या गर्भाबाबतही मर्यादा ओलांडू दिली नाही. तो खटला शहरातला होता, म्हणून न्यायालयापर्यंत तरी पोहोचला. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांवर नेली आणि मोठ्या व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाच्या संमतीने ती काढूनच टाकली. त्या मंडळात स्त्रीरोग आणि बालरोग तज्ज्ञांबरोबर रेडिओलॉजिस्टलाही जागा आहे. मंडळापुढे येणारे चित्र मात्र आधी कोणीतरी काढलेले असावे लागते. म्हणून लेखी नोंदींची सक्ती तशीच ठेवून, सरकारी रुग्णालयांतल्या नोंदणीकृत यंत्रांपुरती जिल्ह्याची आणि दोन केंद्रांची अट सैल करायला हवी, म्हणजे धुळ्याचा तज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस धडगावला बसू शकेल.