कॅमशाफ्ट : जझरीच्या घड्याळापासून ट्रकच्या इंजिनापर्यंत

अकोल्याहून खामगावकडे जाणारा महामार्ग आपल्या बाळापूरवरून जातो. त्यावरच्या एखाद्या ट्रकच्या इंजिनाचे काम निघाले, की मिस्त्री ब्लॉकमधून एक लांब दांडा हलक्या हाताने बाहेर ओढतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. हाच कॅमशाफ्ट. मुलगा गॅरेजात गेला, म्हणजे शिक्षण वाया गेले, असे आपल्यातील पालक हळहळून म्हणतात. या दांड्याचा इतिहास त्यांनी अवश्य ऐकावा.

तैग्रिस नदीकाठी दियारबक्र येथे अर्तुकी सुलतानांच्या पदरी अल्-जझरी नावाचा यंत्रज्ञ होता. सुलतान नासिरुद्दीन महमूद याच्या सांगण्यावरून त्याने ५० यंत्रांचा अरबी ग्रंथ लिहिला आणि १२०६ साली पुरा केला. त्यातील पहिल्या मोठ्या पाणघड्याळात ढोल व झांजा वाजविणाऱ्या बाहुल्या आहेत. साठविलेले पाणी सुटले, की आतले चाक फिरते; चाकाच्या आसावरील खुंट्या तरफेचे टोक दाबून सोडतात, आणि बाहुलीचा हात ढोलावर पडतो. फिरणाऱ्या आसाने ठरल्या क्षणी दुसऱ्या भागास हलवावे, हेच कॅमशाफ्टचे तत्त्व.

कॅम जझरीनेच शोधला, असे काही उत्साही लेखक सांगतात. ते खरे नाही. चीनमध्ये पाण्यावर चालणारे धान्य कांडण्याचे हातोडे त्याच्या हजार वर्षे आधीचे आहेत. समरकंदला कागदासाठी अंबाडीसारखे तंतू असेच कुटत, हे अल्-बिरूनीने नोंदविले आहे. जझरीचे मोठेपण वेगळे आहे. प्रयोगाने पारखल्याशिवाय यंत्रविद्येतील कोणतेही म्हणणे खरे-खोट्याच्या मध्येच लटकते, असे तो प्रस्तावनेत बजावतो. आणि मापे व आकृत्या अशा देतो, की १९७६ साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्याचे घड्याळ पुन्हा बांधून चालविता आले.

१८७६ साली जर्मनीत ऑटोचे चार टप्प्यांचे इंजिन चालले. त्यात क्रँक दोनदा फिरते तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून कॅमशाफ्टच्या गिअरला क्रँकच्या गिअरपेक्षा दुप्पट दाते. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची इंजिने असोत, की १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागलेले टाटा-मर्सिडीज ट्रक, हिशेब तोच.

आता पारख. प्रत्येक उंचवट्याचे माप मायक्रोमीटरने दोनदा घ्यावे : टोकापासून पाठीपर्यंत, आणि गोल भागावर आडवे. दोहोंतील फरक ही त्याची उचल. ती कंपनीच्या पुस्तकातील आकड्यापेक्षा कमी भरली, तर टोक झिजले आहे. व्हॉल्व्ह पुरता उघडणार नाही, हवा कमी पडेल, गाडी काळा धूर सोडून चढावावर दम टाकील. डोळ्यांना मात्र दांडा चकचकीतच दिसतो! बुशांची ढिलाईही मोजावी. नव्या कॅमशाफ्टवर जुने खड्डे पडलेले टॅपेट बसविणे ही काटकसर नव्हे, नवा दांडा खराब करणे होय.

बसविताना दोन्ही गिअरवरील खुणा समोरासमोर आणाव्यात. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात अंतर फार थोडे असते. चुकीच्या दात्यावर बसविलेल्या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो. म्हणून सेल्फ मारण्यापूर्वी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावी, आणि कुठे अडकली तर जोर न लावता गिअर पुन्हा उघडावा.