कासवाच्या अंड्यांचं तेल

तिळाचं, करडईचं, शेंगदाण्याचं: पणतीत कोणतं तेल घालावं याबद्दल आपल्या घरांत आजही वाद होतात. दोनशे वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत मात्र दिव्यांत कासवाच्या अंड्यांचं तेल जळत असे.

हे कासव म्हणजे ॲमेझॉन आणि ओरिनोको खोऱ्यांतलं 'अराऊ', गोड्या पाण्यातलं. मोठ्या मादीची ढाल अडीच फूट सहज भरते. नर त्यामानाने अगदीच किरकोळ. नदी उतरली, वाळूचे पट्टे उघडे पडले, की माद्या हजारोंनी एकाच किनाऱ्यावर येतात आणि प्रत्येकी शंभरेक अंडी पुरतात. हा एकोपाच त्यांच्या मुळावर आला.

एप्रिल १८०० मध्ये हुम्बोल्ट ओरिनोकोवर पोहोचला तेव्हा किनाऱ्यावर जत्रा भरली होती. निरनिराळ्या जमातींची माणसं, तेल विकत घ्यायला आलेले व्यापारी. लांब काठी वाळूत खुपसायची. ती एकदम सैल गेली की खाली अंड्यांचा थर. अंडी पाण्याने भरलेल्या लाकडी डोण्यांत फोडून ढवळायची, उन्हात ठेवायची, वर तरंगलेलं तेल काढून कढवायचं. वर्षाला पाच हजार बुधले तेल, म्हणजे ३ कोटी ३० लाख अंडी, असा हिशेब त्याने मांडला.

मला महत्त्वाची वाटते ती त्याची दुसरी नोंद. जेझुइट पाद्री किनाऱ्याचा काही भाग उकरू देत नसत. (आपल्या देवराया आठवतात ना?) १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने त्यांना हाकललं, पुढच्या पाद्र्यांनी सगळाच किनारा खणायला मोकळा केला, आणि तेल वर्षागणिक घटू लागलं.

ॲमेझॉनवरचा हिशेब बेट्सने १८६३ च्या आपल्या पुस्तकात दिला: वर्षाला ४ कोटी ८० लाख अंडी. एगा गावात घरोघरी परसात कासवांसाठी डबकं असे; टंचाईच्या दिवसांची ती बेगमी. ब्राझीलने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर कायद्याने बंदी घातली ती १९६७ साली. पुढच्या दशकात काही किनाऱ्यांवर राखणदार बसले. तिथे कासवं पुन्हा वाढली आहेत.

कासवी नुसत्या नजरेने पिलांना पोसते, असं आपले संत सांगत आले. अराऊबद्दल ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ च्या सुमारास दाखवलं ते असं: पिलं अंड्यात असल्यापासूनच आवाज काढतात, माद्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात थांबून राहतात, पाण्यातून साद देतात, आणि मग सगळी मिळून पुराच्या पाण्यात बुडालेल्या जंगलाकडे निघतात.