इनामगावची पांढर आणि डेक्कन कॉलेजचे संग्रहालय

पुण्यात येरवड्याला, डेक्कन कॉलेजच्या आवारात असलेल्या पुरातत्त्व संग्रहालयातला मोठा ऐवज संस्थेच्याच माणसांनी जमिनीतून काढलेला आहे. 1934 मध्ये बंद पडलेले कॉलेज 1939 मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी ह. धी. सांकळिया तेथे प्राध्यापक म्हणून आले आणि दख्खनच्या नदीकाठांची पायी पाहणी हा संस्थेचा नेमच झाला.

त्या काळी महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सांगितला जाई. 1950-51 मध्ये सांकळिया आणि शां. भा. देव यांनी संगमनेरजवळ, प्रवरेकाठच्या जोर्वे गावी खणले, तेव्हा त्याआधीची शेतकरी वस्ती हाती लागली. चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, लालसर अंगावर काळी नक्षी असलेली आणि तोटीची भांडी ही तिची खूण; या संस्कृतीला नावही जोर्वेचेच मिळाले. पुढे नेवाशाच्या उत्खननात (1954-56) एका लहान मुलाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तिच्या दोऱ्याचे अंशही टिकले होते.

सर्वांत भरघोस पीक आले ते पुणे जिल्ह्यातच. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावची जुनी पांढर, म्हणजे ओसाड वस्तीचे टेकाड आहे. तेथे 1968 ते 1983 या काळात सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. इतर ठिकाणी उभे खड्डे घेऊन थरांचा क्रम लावण्यावर भर असे. येथे मात्र टेकाड आडवे उघडत नेले, म्हणून अख्खी वस्ती दिसली. साधारण इ.स.पू. 1600 ते 700 एवढा तिचा काळ. कुडाच्या भिंतींची चौकोनी घरे, धान्याची पेवे, कुंभाराची भट्टी, नदीचे पाणी वळवणारा पाट, पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याच्या शेजारचे कोठार. हे घर गावप्रमुखाचे असावे असा उत्खनकांचा तर्क आहे. मुख्य पीक सातूचे होते. इ.स.पू. 1000 च्या सुमारास मात्र चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाल्याने शेती खालावली आणि शिकार व शेळ्यामेंढ्यांवरची भिस्त वाढली, अशी ढवळीकरांची मांडणी आहे.

इनामगावची माणसे आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरत. मुलांसाठी दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत; प्रौढांना खड्ड्यात निजवत आणि बहुधा त्यांची पावले घोट्यापासून तोडत. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, प्रथा शतकानुशतके टिकली. एका प्रौढ पुरुषाला मात्र चार पायांच्या, कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरले होते आणि त्याची पावले शाबूत होती. सोबतच्या भांड्यावर वल्ह्यांची होडी रंगवली आहे. दुसऱ्या एका घराखाली मातीच्या झाकणदार पेटीत शिर नसलेली स्त्रीमूर्ती निघाली. झाकणावर तशीच आणखी एक मूर्ती आणि एक बैल होता. झाकणावरच्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. काडी घातली की मूर्ती बैलावर बसते. भट्टी न पाहिलेली ही माती तीन हजार वर्षे राहिली, हेच नवल.

प्रवरेकाठच्याच दायमाबाद गावी मिळालेल्या ब्राँझच्या रथाशी आणि हत्तीशी तुलना केली, तर हा ऐवज दिसायला फिका वाटतो. पण 1974 मध्ये सापडलेल्या त्या वस्तू पुरातत्त्वज्ञाच्या खड्ड्यातून आलेल्या नाहीत. गावकरी झाडाचे मूळ खणत असताना त्या वर आल्या, थर निसटला आणि काळाचा वाद कायमचा मागे लागला. इनामगावच्या फुटक्या खापराला मात्र त्याची जागा आणि थर आहे. म्हणूनच हाडांवरून जनावरे, जळक्या दाण्यांवरून पिके आणि दातांवरून आहार अभ्यासता आला. उत्खननाचा अहवाल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला.

खुद्द पुणे शहरात असे मोकळे टेकाड मिळणे अवघड. जुन्या वस्तीवर आज पेठा उभ्या आहेत. त्यामुळे येथे शोध लागतात ते इमारतींचे पाये खणताना. 2004 ते 2006 या काळात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी शहरात बचाव पुरातत्त्वाचे काम केले: बांधकाम सुरू होण्यापूर्वी मिळेल तेवढ्या वेळात थर पाहायचे, नोंदवायचे आणि खापरे गोळा करायची.