ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ध्वनिमुद्रिकांची पेढी

कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र ज्या मराठी घरांत नाट्यगीतांच्या तबकड्यांबरोबर पोचले, त्यांना ‘एच.एम.व्ही.’ ही अक्षरे परकी नाहीत. परंतु विलायतेत त्याच नावाची एक नामांकित पेढीही होती, हे आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असते. ग्रामोफोन कंपनीने २० जुलै १९२१ रोजी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ती उघडली, तेव्हा उद्घाटनास सर एडवर्ड एल्गार हे थोर संगीतरचनाकार उपस्थित होते. १९३७ साली ती आगीत भस्मसात झाली, तरी दोन वर्षांत पुन्हा उभी राहिली.

या पेढीचे खरे वैभव, माझ्या मते, तिच्या उलाढालीत नव्हते. संगीत घडणे आणि विकले जाणे ही दोन्ही कामे तेथे एकाच छपराखाली नांदत, यात ते होते. १९६२ च्या फेब्रुवारीत, डेक्का कंपनीने नाकारलेल्या चार तरुणांच्या ध्वनिफिती घेऊन त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन तेथे आला, तो केवळ त्यांवरून तबकडी कोरून घ्यावी एवढ्याच हेतूने. परंतु ती कोरीत असता जिम फॉय या तंत्रज्ञाचे लक्ष त्या गाण्यांनी वेधले, त्याने एपस्टाइनची गाठ त्याच इमारतीत कचेरी असलेल्या सिड कोलमन या संगीतप्रकाशकाशी घालून दिली, आणि तेथून बीटल्सची वाट ध्वनिमुद्रण-निर्माता जॉर्ज मार्टिनपर्यंत पोचली. नुसत्या गुदामात असा योग येत नाही.

पुढे एका दुकानाची अनेक दुकाने होऊन विस्तार अफाट झाला. १९८६ साली त्याच रस्त्यावर जगातील सर्वांत मोठे म्हणून गाजलेले दालन उघडले. कॉम्पॅक्ट डिस्क आणि चित्रफितींनी मांडण्या भरल्या. मात्र बंद वेष्टनातील तोच माल सुपरमार्केट स्वस्तात देऊ लागले, इंटरनेटवरील व्यापारी तो घरपोच धाडू लागले, आणि चॅनल बेटांवरून टपालाने येणाऱ्या अल्पकिमतीच्या मालास तर २०१२ पर्यंत मूल्यवर्धित कराची माफी होती, जी रस्त्यावरच्या दुकानदारावर उघड अन्याय करणारी होती. शेवटी गाण्यास तबकडीचीही गरज उरली नाही. जानेवारी २०१३ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०१८ मध्ये, देणी भागेनात म्हणून कारभार प्रशासकांच्या स्वाधीन करावा लागला.

२०१९ च्या फेब्रुवारीत कॅनडाचे उद्योजक डग पुटमन यांनी शंभर दुकाने ताब्यात घेतली, सत्तावीस बंद झाली. आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅम येथे उघडलेल्या विशाल दालनात त्यांनी विक्रीच्या मांडण्यांबरोबर गायक-वादकांसाठी रंगमंचही उभारला.