लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांचा आहार व वजन

घरापासून अनेक दिवस दूर राहून आंतरराज्य मालवाहतूक करणाऱ्या चालकांचे खाणेपिणे, आहाराविषयीची त्यांची समज आणि त्यांचे वजन यांचा परस्परसंबंध. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि डुलकी लागून होणारे अपघात या कारणांनी हा विषय व्यावसायिक आरोग्यात मोडतो. अमेरिकेत सरकारी संस्थेने २०१० मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत अशा चालकांपैकी ६९ टक्के लठ्ठ आढळले. तेथील एकूण नोकरदारांत हे प्रमाण ३१ टक्के होते.

भारतात चालकाच्या जेवणाची वेळ ठरते ती माल भरण्या-उतरवण्यावर, शहरांतल्या अवजड वाहनांच्या प्रवेशबंदीवर आणि गाडी उभी करायला जागा कुठे मिळते यावर. जेवल्यावर झोप येते म्हणून अनेकजण दिवस चहा-बिस्किटांवर काढतात आणि रात्री उशिरा ढाब्यावर एकदाच पोटभर जेवतात. डाळ तडका, शेवभाजी, तंदुरी रोटी, पराठे. तेल-मीठ सढळ, भाजीपाला व फळे नावालाच. दोन लहान चमचे साखरेचा चहा सहा वेळा झाला, की सुमारे ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. त्यातच रात्री शरीर इन्सुलिनला कमी दाद देते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला सुमारे २,११० किलोकॅलरी लागतात, जड कष्टांसाठी ३,४७०. रात्रभर गाडी हाकलेला माणूस थकून जातो, पण ते काम बैठेच. थकवा हाच कष्टाचा पुरावा मानून कष्टकऱ्याचे ताट पुढे ओढले जाते. आहाराच्या समजुतीतली सर्वांत महागात पडणारी चूक हीच म्हणावी लागेल.

नुसता वजनकाटाही फसवतो. भारतीयांसाठी २३ पासून पुढचा देहभार निर्देशांक जादा आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त असणे धोक्याचे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, पण शरीरातील चरबी अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के, हे त्यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच मोजमापांतून दाखवले. म्हणून सडपातळ दिसणाऱ्या चालकाचीही कंबर आणि रक्तातील साखर तपासायला हवी.

तेलकट खाऊ नये हे अनेक चालकांना ठाऊक असते. पण अनेक ठिकाणी मालक फेरीची ठोक खर्ची देतो आणि तीतून उरेल ते चालकाचे. तेव्हा स्वस्त आणि पोट भरणारे तेच घेतले जाते. दक्षिणेकडचे अनेक चालक स्टोव्ह व तांदूळ सोबत ठेवून गाडीच्या सावलीत स्वयंपाक करतात. हा उपाय पैशाला व प्रकृतीला दोन्हींना मानवतो. मात्र तो सोबतच्या क्लीनरवर चालतो आणि एकट्याने गाडी नेणाऱ्याला जमत नाही. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या बंदिस्त रस्त्यावर कडेला ढाबे नसतात, ठरावीक सुविधाकेंद्रांवरच भागवावे लागते.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि १०० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी उपाहारगृह बंधनकारक होते. परंतु हा कायदा ५ किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होत असे, आणि देशातले बरेचसे ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांकडे आहेत.