सातशे रुपयांचं आमसूल

मुंबईत नोकरीला लागले त्या वर्षी वजन कमी करायचं खूळ डोक्यात होतं. मी ऑनलाइन एक कॅप्सुलांची बाटली मागवली. सातशे रुपये. मे महिन्यात मालवणला घरी गेले तेव्हा आजीने ती पिशवीतून बाहेर काढली.

"ह्यां कसलां औषद गो?"

"कोकमाच्या चुलतभावाच्या सालीचा अर्क."

"मगे सातशे रुपये कित्याक? आपली भिरंडां परड्यात कुसतत थंय."

मला उत्तर देता आलं नाही. लेबलवर 'गार्सिनिया' आणि 'हायड्रॉक्सीसायट्रेट' असे दोन शब्द होते. त्या सुट्टीत मी त्यांचा माग काढत बसले.

आपलं कोकम म्हणजे 'गार्सिनिया इंडिका'. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात 'ब्रिंदांव' नावाच्या आंबट, आतून लालभडक फळाची नोंद केली आहे. याची वाळवलेली साल व्हिनेगर करायला वापरतात, असंही तो सांगतो. 'भिरंड' आणि 'ब्रिंदांव' एकामागून एक म्हणून बघा, नातं कानालाच कळतं.

पण हा आंबटपणा नेमका कशाचा?

लिंबाचं कोडं आधी सुटलं. १७८४ साली स्वीडनच्या कार्ल शेले याने लिंबाच्या रसात खडू घातला. तळाशी पांढरा साका बसला, तो कॅल्शियम सायट्रेटचा. त्यावर गंधकाम्ल ओतून त्याने सायट्रिक आम्लाचे स्फटिक मिळवले. या प्रयोगातच सायट्रेटचा स्वभाव दिसतो: कॅल्शियम दिसलं की ते धरून ठेवायचं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ते सायट्रेटने धरलं की बाटलीतलं रक्त पातळच राहतं. १९१४ साली ब्रसेल्समध्ये आणि ब्युनोस आयरेसमध्ये डॉक्टरांनी हीच युक्ती वापरून रुग्णांना रक्त दिलं. आजही रक्तपेढीच्या पिशवीत सायट्रेट असतं. जुलाब झाल्यावर पितो त्या ओआरएसच्या पुडीतसुद्धा ते असतं, पण तिथे त्याचं काम वेगळं: शरीरात वाढलेली आम्लता कमी करणं.

कोकमाच्या कुळातल्या फळांचं आम्ल मात्र बरीच वर्षं चुकीच्या नावाने ओळखलं जात होतं. कुणी टार्टारिक म्हणे, कुणी सायट्रिक. १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीचा अभ्यास केला आणि खरं नाव सांगितलं: हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल. म्हणजे सायट्रिकच, फक्त ऑक्सिजनचा एक अणू जास्त. आपल्या आमसुलातही हेच आम्ल आहे.

त्या एका अणूने पुढची चार दशकं गाजवली. आपल्या पेशी जादा साखरेपासून चरबी करतात तेव्हा वाटेत सायट्रेट तोडावं लागतं, आणि ते तोडायला एक खास एन्झाइम असतं. १९६९ साली अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात दिसलं, की हायड्रॉक्सीसायट्रेट त्या एन्झाइमला अडवतं. कुलपात जवळजवळ तशीच किल्ली जावी आणि अडकून बसावी, तसं. उंदरांमध्ये चरबी कमी तयार झाली. मग कॅप्सुला आल्या.

१९९८ साली अमेरिकेत १३५ जाड माणसांवर बारा आठवडे चाचणी झाली. अर्ध्यांना रोज दीड ग्रॅम हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल, अर्ध्यांना नुसतीच बनावट गोळी. वजन दोन्ही गटांचं उतरलं, आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी झाल्या. हे वाचलं आणि मी बाटली बंद केली. पैसे गेले ते गेलेच.

गोष्ट इथे संपत नाही. मूतखड्याच्या रुग्णांना डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात, कारण पुन्हा तेच, कॅल्शियम धरून ठेवणं. २०१६ साली ह्यूस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की खड्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक हायड्रॉक्सीसायट्रेटमुळे नुसते वाढायचे थांबत नाहीत, तर विरघळूही लागतात. हे प्रयोगशाळेतलं. म्हणून सोलकढी प्या आणि खडा घालवा, असं मी म्हणणार नाही. वजनाच्या गोळ्यांच्या वेळी अशीच घाई झाली होती.

आजीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि रातांबे फोडायला बसवलं. बिया-गर वेगळा काढायचा, साली उन्हात टाकायच्या, गराच्या रसात मीठ घालून त्यात बुडवायच्या, परत उन्हात. अशी पुटं चढत जातात तशी साल काळी होते. फळ भरात येतं एप्रिल-मेमध्ये, आणि पाऊस जूनच्या तोंडावर उभा असतो. घरात माणसं दोनच, म्हणून निम्मं फळ झाडाखाली कुसतं. आम्ल तेच, बाटलीतलं आणि परड्यातलं. कमी पडतात ते हात आणि ऊन.

यंदा रजा गणपतीला ठेवलेली नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात टाकली आहे.